एकाच वर्षातले दोन आकडे: मुलांच्या नैराश्यावरील चाचण्या कशा वाचाव्यात

दहावीच्या पूर्वपरीक्षेआधीच्या एका शनिवारी पुण्याच्या कर्वेनगरमधील एका शाळेत पालकसभा होती. मुलांच्या मानसिक आरोग्यावरील संशोधनात संख्याशास्त्राचे काम काय असते, हे सांगण्यासाठी मला बोलावले होते. सभा संपल्यावर एक आई मागे थांबल्या. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीला नैराश्य असल्याचे निदान झाले होते आणि डॉक्टरांनी समुपदेशनाबरोबर फ्लुओक्सेटीन हे औषध सुचवले होते. त्यांच्या मोबाइलवर नातेवाइकांनी पाठवलेले दोन संदेश होते. औषध आणि समुपदेशन एकत्र दिले तर ७१ टक्के मुले बरी होतात, असे पहिल्यात लिहिले होते. याच औषधांमुळे मुलांमध्ये आत्महत्येचा धोका दुप्पट होतो, असे दुसऱ्यात. "मॅडम, यातला खरा आकडा कोणता?" एवढेच त्यांनी विचारले.

दोन्ही आकडे खऱ्या संशोधनातून आलेले आहेत. दोन्ही अमेरिकेतले आहेत, दोन्ही २००४ सालचे आहेत आणि जेमतेम दोन महिन्यांच्या अंतराने जाहीर झालेले आहेत. तरीही दोन्ही संदेश दिशाभूल करणारे होते, कारण हातोहाती पुढे जाताना आकडे तेवढे उरले आणि त्यांना अर्थ देणारे शब्द गळून गेले. त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या मी त्यांना दहा मिनिटांत जे सांगितले ते अपुरे होते. ते नीट सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

७१ टक्के, पण कशाच्या तुलनेत?

पहिला आकडा ज्या चाचणीतून आला तिचे नाव 'ट्रीटमेंट फॉर ॲडोलसन्ट्स विथ डिप्रेशन स्टडी' असे आहे. संशोधक तिला थोडक्यात 'टॅड्स' म्हणतात. अमेरिकेतील १३ केंद्रांवर १२ ते १७ वर्षे वयाची, नैराश्याचे निदान झालेली ४३९ मुलेमुली तीत सहभागी झाली होती. त्यांचे चार गट पाडण्यात आले. एका गटाला फ्लुओक्सेटीन आणि सीबीटी, म्हणजे विचार व वर्तन बदलण्यावर भर देणारी ठरावीक पद्धतीची मानसोपचार-सत्रे, असे दोन्ही मिळाले. दुसऱ्याला फक्त औषध, तिसऱ्याला फक्त सीबीटी आणि चौथ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला औषधासारखीच पण औषधी द्रव्य नसलेली गोळी. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटातील ७१ टक्के मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली. फक्त औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ६०.६ टक्के होते, फक्त सीबीटी घेणाऱ्यांत ४३.२ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांत ३४.८ टक्के.

या चारही आकड्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शेवटचा, आणि संदेशांतून नेमका तोच गाळला जातो. ज्या गोळीत काहीच नव्हते ती घेऊनसुद्धा शंभरातील सुमारे ३५ मुले सुधारली. हे समजले नाही तर कोणत्याही उपचाराविषयीचा कोणताही आकडा समजणे शक्य नाही, म्हणून इथे थोडे थांबू.

आपल्या नेहमीच्या अनुभवातले उदाहरण घेऊ. पुण्यातील एखाद्या शाळेने फेब्रुवारीत दहावीच्या मुलांकडून ताणाची प्रश्नावली भरून घेतली, ज्यांचे गुण सर्वांत चिंताजनक आले अशी चाळीस मुले निवडली, त्यांच्यासाठी श्वसनाचे आणि मन शांत करण्याचे वर्ग घेतले आणि एप्रिलमध्ये पुन्हा तीच प्रश्नावली दिली, असे समजा. ताण निम्म्यावर आलेला दिसेल. वर्ग घेणाऱ्यांना मनापासून आनंद होईल आणि शाळा अहवालात ते लिहीलही. पण मधल्या काळात मार्चमध्ये परीक्षा आटोपलेली असते. वर्ग झाले नसते तरी ताण उतरलाच असता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढेच त्यातून सिद्ध होते.

परीक्षेची गोष्ट बाजूला ठेवली तरी दुसरे एक कारण उरतेच, आणि ते अधिक फसवे आहे. मन रोज सारखे नसते. जी मुले 'सर्वांत जास्त गुण' या निकषावर निवडली जातात, त्यांतील काही मुले खरोखर सततच्या त्रासात असतात, तर काहींचा तो दिवस किंवा तो आठवडा वाईट गेलेला असतो. पुन्हा मोजले की या दुसऱ्या प्रकारच्या मुलांचे गुण आपोआप खाली येतात आणि सगळ्या गटाची सरासरी सुधारल्यासारखी दिसते. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांची आणि मुलांची उंची ताडून पाहताना ही गोष्ट मांडली होती: फार उंच पालकांची मुले सरासरीने त्यांच्याहून थोडी कमी उंच निघतात. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. पालक मुलाला डॉक्टरांकडे नेतात तेही बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावरच, त्यामुळे दवाखान्यात पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक सुधारणेत या परतण्याचा काही वाटा असतो. याशिवाय नैराश्याचे झटके मुळातच कालांतराने ओसरतात, कोणी तरी आपल्याकडे नियमित लक्ष देत आहे याचा आधार मिळतो आणि आपल्याला उपचार मिळत आहेत ही आशाही मनावर काम करते. प्लासिबोच्या ३५ टक्क्यांत हे सगळे एकत्र आहे.

म्हणूनच औषधाचे यश ६०.६ टक्के असे म्हणता येत नाही. ६०.६ मधून ३४.८ वजा केल्यावर उरणारे सुमारे २६ टक्के हे औषधाचे स्वतःचे कर्तृत्व. शंभर मुलांना औषध दिले तर सुमारे ३५ मुले औषधाविनाही सुधारली असती, सुमारे २६ औषधामुळे सुधारली आणि ३९ औषध घेऊनही तेवढी सुधारली नाहीत. हेच उलट बाजूने सांगायचे तर एका जादा मुलाला सुधारण्यासाठी साधारण चार मुलांना औषध द्यावे लागते. शंभराला २६ या फरकाने भागले की हा आकडा मिळतो, आणि डॉक्टरांशी बोलताना टक्केवारीपेक्षा हा आकडा मला अधिक उपयोगी वाटतो.

दुसरा गळून गेलेला शब्द 'सुधारली' हा. संदेशात 'बरी होतात' असे लिहिले होते. चाचणीत 'बरीच किंवा खूपच सुधारणा' मोजली होती. नैराश्याची लक्षणे जवळजवळ पूर्ण मावळली का, असा अधिक कडक निकष लावून त्याच मुलांकडे पाहिले तेव्हा दोन्ही उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्के निघाले, फक्त औषधाच्या गटात २३, सीबीटीच्या गटात १६ आणि प्लासिबोच्या गटात १७ टक्के. मुले तीच आणि आठवडेही बाराच, पण 'यश' या शब्दाची व्याख्या बदलताच ७१ चे ३७ झाले. पालकांनी हे वाचून धीर सोडू नये. बारा आठवडे हा लहान काळ आहे आणि छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत ठळक सुधारणेचे प्रमाण दोन्ही उपचारांच्या गटात ८६ टक्के, तर केवळ औषधाच्या आणि केवळ सीबीटीच्या गटात प्रत्येकी ८१ टक्के झाले होते. म्हणजे मागे राहिलेल्या सीबीटीने पुढे औषधाला गाठले. मात्र बाराव्या आठवड्यानंतर प्लासिबोचा गट तुलनेसाठी उरला नव्हता, त्यामुळे या ८१ पैकी किती वाटा उपचारांचा आणि किती काळाचा, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

चिठ्ठी टाकण्यामागचे शास्त्र

चार गट पाडले, असे वर सहज लिहून गेले. पण ते कसे पाडले यावर सगळी इमारत उभी आहे. औषध कोणाला द्यायचे हे डॉक्टरांच्या मनावर सोडले तर जास्त आजारी मुले औषधाच्या गटात जाण्याचा संभव असतो. पालकांवर सोडले तर ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा आहे ते समुपदेशन निवडतात, आणि मग सुधारणा समुपदेशनाची की घरच्या परिस्थितीची, हे कधीच उलगडत नाही. म्हणून गट भिशीच्या चिठ्ठीसारखे निव्वळ योगायोगाने ठरवतात. तसे केले की मुलांचा त्रास, घरचे वातावरण, शाळा, स्वभाव, इतकेच नव्हे तर ज्यांची आपल्याला कल्पनाही नाही अशा गोष्टीसुद्धा दोन्ही बाजूंना साधारण सारख्या वाटल्या जातात. या पद्धतीला यादृच्छिक विभागणी म्हणतात.

ही कल्पना दवाखान्यात नव्हे तर शेतात वाढली, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात ती रुजवली. कुठल्या वाफ्याला कुठले खत घालायचे हे योगायोगाने ठरवले नाही, तर पीक खतामुळे आले की मुळातल्या कसदार मातीमुळे, हे सांगता येत नाही. आपल्याकडे हे शास्त्र शेतीच्या प्रयोगांपर्यंत नेणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पां. वा. सुखात्मे यांचे नाव आघाडीवर आहे. पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेतील कामगिरीनंतर ते पुण्यातच स्थायिक झाले. औषधांच्या बाबतीत ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेली, क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी या पद्धतीचा पाया मानली जाते. ती विभागणी संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखली होती.

चिठ्ठीने गट पाडले तरी योगायोगाची शंका उरतेच, कारण चिठ्ठीसुद्धा एखाद्या वेळी एकाच बाजूला झुकते. टॅड्समधील सीबीटी आणि प्लासिबो यांच्यातील फरक ८.४ टक्क्यांचा होता. सीबीटीचा खरोखर काहीच जादा परिणाम होत नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, असा प्रश्न संख्याशास्त्र विचारते. गणित केले तर उत्तर येते सुमारे २० टक्के, म्हणजे पाचात एकदा. या शक्यतेला पी-मूल्य म्हणतात. ते ५ टक्क्यांच्या खाली असेल तरच फरक दखल घेण्याजोगा मानायचा असा रिवाज आहे, म्हणून सीबीटीचा हा फरक त्या निकषावर उतरला नाही.

इथे फार मोठा गैरसमज होतो. 'सीबीटी निरुपयोगी ठरली' असे वाक्य लगेच तयार होते, आणि ते चूक आहे. सीबीटीच्या गटात १११ मुले होती आणि प्लासिबोच्या गटात ११२. ८.४ टक्क्यांचा फरक खरोखर अस्तित्वात असेल आणि तो दहापैकी आठ वेळा पकडता यावा अशी अपेक्षा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ५२५ मुले लागली असती. चष्मा न लावता सुईत दोरा ओवायला बसावे आणि सुईला नेढेच नाही असे म्हणावे, तसे हे होते. फरक दिसला नाही आणि फरक नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत. म्हणूनच चांगला शोधनिबंध एकाच आकड्यावर न थांबता त्याच्या दोन्ही बाजूंची मर्यादाही सांगतो, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते. टॅड्समध्ये सीबीटीसाठी ती ३४ ते ५२ टक्के आणि प्लासिबोसाठी २६ ते ४४ टक्के अशी दिली आहे. हे दोन पट्टे एकमेकांवर किती चढलेले आहेत, ते पाहिले की पी-मूल्य न समजणाऱ्यालाही परिस्थितीचा अंदाज येतो.

एकाच चाचणीवर विसंबू नये, हेही याच कारणासाठी. २००७ मध्ये मुलांवरील नैराश्यविरोधी औषधांच्या २७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. नैराश्यात औषधाने ६१ टक्के, तर प्लासिबोने ५० टक्के मुले सुधारलेली दिसली. फरक फक्त ११ टक्क्यांचा, म्हणजे एका जादा मुलासाठी नऊ-दहा मुलांना औषध. चिंताविकारांत मात्र ६९ विरुद्ध ३९ असा चांगला ३० टक्क्यांचा फरक होता. औषधांचा वर्ग एकच, पण आजार बदलला की हिशेब बदलतो. आणि 'मुलांना ही औषधे लागू पडतात का' हा प्रश्न इतक्या मोघमपणे विचारण्याजोगाच नाही, हे त्यातून कळते.

दुप्पट म्हणजे किती?

आता दुसरा संदेश. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नैराश्यविरोधी औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतील इशारा छापण्याचा आदेश दिला. हा त्यांचा सर्वांत कडक इशारा असतो. त्यामागे ४४०० हून अधिक मुलांचा समावेश असलेल्या २४ चाचण्यांचे विश्लेषण होते. औषध घेणाऱ्या सुमारे ४ टक्के मुलांमध्ये उपचाराच्या सुरुवातीच्या महिन्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन नोंदले गेले होते, आणि प्लासिबो घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २ टक्के होते.

दोनाचे चार झाले, म्हणजे दुप्पट. हे बरोबर आहे. पण शंभर मुलांमागे दोन मुले जादा, हेही तितकेच बरोबर आहे, आणि ऐकणाऱ्या आईच्या मनावर या दोन वाक्यांचा परिणाम सारखा होत नाही. 'दुप्पट' हा शब्द मूळ प्रमाण किती होते ते लपवतो. चाळिसाचे ऐंशी झाले तरी दुप्पटच आणि लाखात एकाचे दोन झाले तरी दुप्पटच. जिथे जिथे धोका इतक्या पटींनी किंवा इतक्या टक्क्यांनी वाढला असे वाचाल, तिथे आधी 'शंभरात किती होते आणि किती झाले' हे शोधावे. ते दिलेले नसेल तर त्या बातमीवरून कोणताही निर्णय घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगते.

संदेशात 'आत्महत्येचा धोका' असे होते. विश्लेषणातील नोंदी विचारांच्या आणि वर्तनाच्या होत्या; त्या चाचण्यांत एकाही मुलाचा आत्महत्येने मृत्यू झालेला नव्हता. हे दिलासा देणारे आहे, पण त्यावर भार किती टाकायचा हेही पाहिले पाहिजे. कोणतीही घटना दोन हजार मुलांत एकदाही घडली नाही, म्हणून ती कधीच घडणार नाही असे होत नाही. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा नियम वापरतात: तीनाला मुलांच्या संख्येने भागायचे. ३ भागिले २००० म्हणजे ०.१५ टक्के, खरा धोका तिथपर्यंत असू शकतो आणि तरीही चाचणीत शून्य दिसू शकतो. त्यात ज्या मुलांना आत्महत्येचा धोका आधीच मोठा होता त्यांना अशा बहुतेक चाचण्यांत घेतलेच जात नाही.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही त्याच वेळी ठेवले पाहिजे. नैराश्य स्वतःच जिवावर बेतू शकते. टॅड्समधील २९ टक्के मुलांच्या मनात उपचार सुरू होण्याआधीच आत्महत्येचे विचार होते, आणि बारा आठवड्यांत चारही गटांत ते कमी झाले, सर्वांत अधिक दोन्ही उपचार मिळालेल्या गटात. वाढलेला धोका थोड्या मुलांचा असतो आणि तो सुरुवातीच्या काळात अधिक असतो. इशाऱ्याचा रोखही औषध टाळण्यावर नव्हता. उपचार सुरू करताना आणि मात्रा बदलताना मुलावर बारकाईने लक्ष ठेवावे, हे त्याचे सांगणे होते.

निकाल पाहून विषय निवडणे

आतापर्यंतचे सगळे विवेचन संशोधकांनी आकडे प्रामाणिकपणे मांडले आहेत असे धरून केले. नेहमी तसे होत नाही, आणि मुलांच्या नैराश्याच्या इतिहासात याचे अत्यंत वेदनादायक उदाहरण आहे. पॅरोक्सेटीन या नैराश्यविरोधी औषधाची 'स्टडी ३२९' नावाची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. २७५ किशोरवयीन मुलांचा तीत समावेश होता आणि औषध परिणामकारक व सुरक्षित असल्याचा निष्कर्ष तीत काढलेला होता. चाचणी सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवलेल्या आराखड्यात यश मोजण्याची दोन मुख्य मापे ठरवली होती. त्या दोन्ही मापांवर औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरले नव्हते. छापलेल्या निबंधात मात्र नंतर घेतलेली वेगळी मापे पुढे करण्यात आली.

दहावीच्या निकालात 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची पद्धत आपल्याला माहीत आहे. सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांची टक्केवारी धरली जाते. पण तो नियम आधी जाहीर झालेला असतो आणि सर्वांना सारखा लागू असतो, म्हणून तो न्याय्य आहे. एखाद्या विद्यार्थ्याने निकाल हातात पडल्यावर गणित आणि विज्ञान वगळून चित्रकला, खेळ आणि हस्ताक्षर यांची सरासरी सांगितली, तर ते आपण चालवून घेणार नाही. पण वीस मापे घेतली, औषध अगदी निष्प्रभ असले आणि ती मापे एकमेकांपासून स्वतंत्र असली, तर त्यांतले निदान एक तरी माप योगायोगाने 'यशस्वी' दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते. जे यशस्वी दिसले तेवढेच छापायचे ठरवले, तर रिकाम्या गोळीचेही यश सिद्ध करता येईल.

२०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांच्या गटाने स्टडी ३२९ ची मूळ कागदपत्रे तपासून फेरविश्लेषण प्रसिद्ध केले. औषध परिणामकारक नव्हते आणि हानी वाढलेली होती, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याआधी २०१२ मध्ये हे औषध बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीने या व इतर प्रकरणांत मिळून अमेरिकेत ३ अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले होते. मधल्या वर्षांत किती मुलांना हे औषध त्या निबंधाच्या भरवशावर दिले गेले असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

यावरचा उपाय साधा आहे: काय मोजणार ते आधी जाहीर करा. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जुलै २००७ मध्ये क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही नोंदवही सुरू केली आणि १५ जून २००९ पासून औषधचाचण्यांची तीत आगाऊ नोंद बंधनकारक झाली. ती इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. तुमच्या मुलाला एखाद्या चाचणीत सहभागी करण्याविषयी पुण्यातील रुग्णालयातून विचारणा झाली, तर नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि 'मुख्य माप' या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचावे. परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती पुरेशी नसते. सात वर्षांवरील मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते, आणि बारा वर्षांपुढे ती लेखी घ्यावी लागते. मुलाने नको म्हटले तर त्या नकाराला किंमत आहे.

शितावरून भात, पण कोणत्या हंडीतला?

एवढे सगळे नीट जुळले तरी पुण्यातल्या मुलीसाठी अमेरिकेतील ४३९ मुलांवरून काय सांगता येते, हा प्रश्न राहतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण शीत आणि भात एकाच हंडीतले असतात. औषधाच्या रासायनिक परिणामाबाबत दुसऱ्या हंडीचे शीत पुष्कळसे चालते. समुपदेशन, शाळा, कुटुंब यांचा संबंध आला की तितके चालत नाही.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ७४ सरकारी शाळा तीन गटांत चिठ्ठीने वाटल्या होत्या. एकीकडे तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी शाळाभर कार्यक्रम राबवला, दुसरीकडे तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला आणि तिसरीकडे नेहमीचाच अभ्यासक्रम होता. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण स्पष्टपणे सुधारले आणि मुलांमधील नैराश्याची लक्षणेही कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत तसे काही आढळले नाही. कार्यक्रम तोच, तरी कोणी राबवला यावर निकाल ठरला. 'आमच्या शिक्षकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन टाकू' असे म्हणणाऱ्या संस्थाचालकांनी हा निष्कर्ष जरूर विचारात घ्यावा. ब्रिटनमध्ये ८४ शाळांतील ८ हजारांहून अधिक मुलांवर माइंडफुलनेसच्या, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाच्या, वर्गांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्या वर्गांनी मुलांचे मानसिक आरोग्य अधिक सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. चांगल्या हेतूने केलेली गोष्टही तपासून पाहावी लागते.

शाळांमधील चाचण्यांत आणखी एक मेख आहे. दहा शाळांतून प्रत्येकी शंभर, अशी हजार मुले घेतली की नमुना मोठा वाटतो. पण एका शाळेतील मुले एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तीच वस्ती, तोच मुख्याध्यापकांचा स्वभाव. हे साम्य शून्य (काहीच नाही) ते एक (पूर्ण) अशा मापावर अगदी थोडे, म्हणजे ०.०२ एवढे जरी असले, तरी त्या हजार मुलांपासून मिळणारी माहिती सुमारे ३३५ सुट्या मुलांएवढीच भरते. दोनच शाळांची तुलना करून काढलेला निष्कर्ष, मग त्यात मुले कितीही असोत, मुळात दोन शाळांतील फरकच सांगत असतो.

मोजमापाचा प्रश्न तर घरातच सुरू होतो. मुलाच्या त्रासाविषयी आईवडील, शिक्षक आणि स्वतः मूल यांची उत्तरे किती जुळतात, याचा ११९ अभ्यासांवर आधारलेला आढावा १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. आई आणि वडील यांची उत्तरे बऱ्यापैकी जुळत होती, सहसंबंध सुमारे ०.६० इतका (उत्तरे तंतोतंत जुळली तर तो १ असतो, मुळीच जुळली नाहीत तर शून्य). मुलाचे स्वतःचे उत्तर आणि मोठ्यांचे उत्तर यांच्यातील सहसंबंध मात्र अवघा ०.२२ होता. म्हणजे आपल्या मुलाला काय वाटते ते आपल्याला पुरते ठाऊक आहे, हा आपला समज मोजमापात टिकत नाही. शिवाय प्रश्नावली कोणत्या भाषेतून आली आणि कशी उतरवली यालाही महत्त्व आहे. मराठी मुलगी 'मी उदास आहे' असे क्वचितच म्हणते. तिला करमत नाही, कशातच मन लागत नाही, पोटात गोळा येतो, सगळ्यांचा राग येतो. प्रश्नावलीत हे शब्द नसतील तर त्रास असूनही तो आकड्यात उतरणार नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. साठ मुलांच्या वर्गात ही चार-पाच मुले होतात, आणि ती नेमकी कोणती, हे सरासरी कधीच सांगत नाही.

त्या आईंचा खरा प्रश्नही हाच होता. आकड्यांचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "पण माझी मुलगी औषधामुळे सुधारणाऱ्या त्या सव्वीसांतली असेल की न सुधारणाऱ्या एकोणचाळिसांतली?" ते कोणतीही चाचणी सांगू शकत नाही, आणि मी तसेच सांगितले. मी त्यांना चार प्रश्न एका कागदावर लिहून दिले: सुधारणा कोणत्या मापावर मोजणार, पहिले माप आजच घेणार का, किती आठवड्यांनी पुन्हा मोजणार, आणि पहिल्या महिन्यात कोणती लक्षणे दिसली तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करायचा. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. डॉक्टरांनी मुलीशी एकटीशी बोलून मराठीतील प्रश्नावली भरून घेतली होती, सीबीटीची सत्रे औषधाबरोबरच सुरू केली होती आणि आधी महिन्याने ठेवलेली पुढची भेट पहिल्या चार आठवड्यांसाठी दर आठवड्याला केली होती.